एजंटच्या टूलचं वर्णन: एक ओळ पुरे की पानभर लिहायचं?

मानेवाडाताई: काल इथं एकानं लिहिलं, "एजंटला मेट्रिक शोधायचं टूल दिलं की काम झालं. नाव, एक ओळ वर्णन, स्कीमा. त्यावर पानभर लिहिणं म्हणजे वेळेची नासाडी." वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहिते. (एजंट म्हणजे टूल वापरून आपलं काम करणारं एआय मॉडेल, मेट्रिक म्हणजे मशीनच्या मोजमापाचा आकडा, स्कीमा म्हणजे टूलला कोणती माहिती कशी द्यायची त्याचा साचा.)

मे महिन्यात शनिवारी रात्री आमच्या सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. नागपूरचा मे, रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो. पाळीवरच्या पोरानं एजंटला विचारलं, कोणतं मशीन तापलंय का? एजंटनं टूलमार्फत प्रोमिथियसला (मशीनांची मोजमापं गोळा करणाऱ्या प्रणालीला) विचारलं, ८० अंशांच्या वरची मशीनं दाखव. उत्तर रिकामं. एजंटनं लिहिलं, "एकही मशीन तापलेलं नाही." तोवर तीन मशीनं उष्णतेनं आपोआप बंद झाली होती. त्यांचं तापमान सांगायला कुणी उरलंच नव्हतं.

प्रॉमक्यूएलमध्ये, म्हणजे प्रोमिथियसला प्रश्न विचारायच्या भाषेत, "८० पेक्षा जास्त" विचारलं की बाकीच्या सीरिज (एकेका मशीनच्या आकड्यांच्या मालिका) गळून पडतात. सगळं थंड असलं तरी रिकामं, सगळं मेलं असलं तरी रिकामं. आपल्याला सवय आहे, आपण आधी "अप" बघतो, म्हणजे मशीनकडून आकडे येतायत का ते: १ हो, ० नाही. एजंटला कोण सांगणार? वर्णनात होतं, "मेट्रिकची माहिती मिळवते." आता मी लिहिलंय: "रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक असं नव्हे. त्या होस्टचा अप आधी बघा. तो ० असेल किंवा मिळतच नसेल तर 'माहिती नाही' असंच सांगा." त्याखाली वेळेबद्दल एक परिच्छेद.

हिंगणावाला: ताई, ते लिहिणारा मीच. मॉडेलला प्रॉमक्यूएल येतं, त्याला शिकवायची गरज नाही. दोष टूलचा आहे. नॅजिओस या मशीनांवर नजर ठेवणाऱ्या प्रणालीच्या प्लगइनमध्ये ० ठीक, १ इशारा, २ गंभीर आणि ३ म्हणजे माहीत नाही. "माहीत नाही"ला स्वतःचा आकडा आहे. आपलं टूल दोन्ही वेळा रिकामी यादी देतं आणि तुम्ही त्यावर निबंधाचं पांघरूण घालून राहिल्या. चाळीस टूल्सची अशी वर्णनं दर वेळी मॉडेलसमोर ओतायची काय?

मानेवाडाताई: प्रॉमक्यूएल त्याला येतं, मान्य. पण माझं टूल आत काय करतं ते त्याला कुठून दिसणार? एमसीपीत (मॉडेलला टूल्स जोडायच्या प्रमाण पद्धतीत) मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा त्याच्यासमोर येतं, आतलं काम नाही. ती मधली जागा रिकामी ठेवली तर तो अंदाजच लावेल.

धरमपेठकर: दोघंही बरोबर असाल, पण लिहिणार कोण? मी तीन वर्षं रनबुकं (बिघाड झाला तर काय करायचं याच्या लेखी सूचना) लिहिली. अप्रेझलला विचारलं, "यंदा नवीन काय बनवलं?" ज्याला सगळं तोंडपाठ होतं तो पुण्याला गेला, महिनाभरात फोन उचलणं बंद. आता एजंटसाठी लिही म्हणे.

हिंगणावाला: विषय काऊन भरकटवता भाऊ? पुण्याला जाणं गुन्हा आहे काय? मी पाच वर्षं होतो तिथं. आई पडली, मांडीचं हाड मोडलं, म्हणून परत आलो. इथं निम्म्या पगारावर तेच काम करून राहिलो.

धरमपेठकर: जाण्याबद्दल बोललोच नाही. जाताना डोक्यातलं कागदावर न उतरवता गेलात, त्याबद्दल बोलतोय. मागे राहिलेल्यांनी रात्री-बेरात्री अंधारात चाचपडायचं!

हिंगणावाला: "गेलात"? मी हँडओव्हरचे सत्तावीस मेल पाठवले होते, एकानंही उघडले नाहीत. मला ओळखत नाही आणि आरोप करून राहिले. उगाच तोंड उघडायला लावू नका.

रातपाळी: भांडण थांबवा, मी कामाचं सांगतो. रात्री दोनला एजंटला विचारलं, "आज किती अलर्ट आले?" त्यानं आदल्या दिवसाचे मोजून दिले, कारण आपले रात्रीचे २ म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. साहेबांना तोच आकडा गेला आणि सकाळी बोलणी मी खाल्ली. वर्णनात दोन ओळी घातल्या, त्यानंतर असं झालं नाही. वीस मिनिटांचं काम होतं. धरमपेठकर, तुमचं दुखणं खरं आहे. आमच्याकडेही हे काम सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात मारतात, आणि टूल कुठं फसतं ते त्यालाच सगळ्यात कमी ठाऊक असतं.

धरमपेठकर: हेच तर म्हणतोय केव्हापासून.

हिंगणावाला: ठीक आहे. उद्या टूलच्या उत्तरात "स्थिती" हा रकाना घालतो: मिळालं, अटीत काही बसलं नाही, डेटाच नाही. ताई, तुमचं रिकाम्या उत्तराचं वाक्यही राहू द्या, या रकान्याचा अर्थ त्याला कुठंतरी सांगावाच लागेल. एवढं मानतो. पण खालचा परिच्छेद काढा, लांबण आहे ती.

मानेवाडाताई: तो परिच्छेद यूटीसीचाच आहे. वर रातपाळीनं काय लिहिलंय ते पुन्हा वाचा. तो मी काढणार नाही.