रेड ओकचं नारिंगी फ्लोअरिंग गडद तपकिरी करायचं आहे, कुठपर्यंत घासावं लागेल?

नवी_फरशी:
खोली 25 चौरस मीटर. रेड ओकच्या भरीव पट्ट्या, जाडी 19 मिमी. वरचं ऑइलबेस पॉलियुरेथेन (तेलावर आधारलेलं पॉलिश) पिवळं पडत पडत आता नारिंगी दिसतं. अक्रोडाच्या लाकडासारखा गडद तपकिरी रंग हवा आहे. जुन्या पॉलिशवर सँडपेपर फिरवून स्टेन (लाकूड रंगवायचा पातळ रंग) बसेल का? हातातल्या ऑर्बिटल सँडरवर भागेल का? एका कोपऱ्यात कुंडीखाली काळा डाग पडलाय, त्याचं काय? पुन्हा पिवळं पडू नये म्हणून शेवटी वॉटरबेस (पाण्यावर आधारलेलं) पॉलिश लावायचा विचार आहे.

भुसा:
नुसता पेपर फिरवून काम होणार नाही. स्टेन लाकडाच्या छिद्रांत मुरतो आणि ती छिद्रं जुन्या पॉलिशने बुजलेली आहेत. वर लावलेला स्टेन चिकट राहील आणि वरचा थर सोलून निघेल. कोरं लाकूड दिसेपर्यंत घासावंच लागेल.

आधी उंबरपट्टी काढून पट्टीची कड बघा. जिभेच्या (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या) वर किती लाकूड उरलंय ते तिथे कळतं. पूर्ण घासणीत साधारण अर्धा ते एक मिमी जातं. सांध्यांतून खिळ्यांची डोकी दिसू लागली असतील तर लाकूड संपत आलंय, थांबा. नाहीतर वरून ठोकलेले सगळे खिळे पंचने खाली ठोकून घ्या, एक राहिला तरी पेपर फाटतो.

एवढ्या जागेला ड्रम सँडर (फिरत्या रुळावर पेपर असलेलं मोठं यंत्र) आणि कडांना एजर (भिंतीलगत घासायचं छोटं यंत्र) घ्या. छोट्या ऑर्बिटलने पॉलिश निघता निघत नाही, आणि जिथे जास्त वेळ घासाल तिथे खळगा पडतो. पेपर 36 नंबरचा, मग 60, मग 80 (आकडा लहान तेवढा पेपर खरखरीत). मधला टप्पा गाळू नका. 36 चे खोल ओरखडे 80 ने जात नाहीत. पारदर्शक पॉलिशखाली ते खपून जातात, पण गडद स्टेन त्यांत साचतो आणि प्रत्येक ओरखडा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. ड्रम चालता चालता खाली टेकवा आणि थांबण्याआधी उचला. जागच्या जागी फिरला की आडवी खाच पडते.

सगळ्यात जास्त बिघडतात त्या कडा. एजरचा पोत वेगळा असतो, म्हणून स्टेन लावल्यावर भिंतीलगत चौकटीसारखा गडद पट्टा दिसतो. यावर उपाय म्हणजे एजरलाही शेवटी 80 चाच पेपर लावा, कोपरे स्क्रेपरने काढा, आणि मग बफरला (गोल फिरणाऱ्या घासणी यंत्राला) 100 ची घासायची जाळी लावून मधला भाग आणि कडा एकजीव करा. 120 च्या पुढे जाऊ नका. लाकूड गुळगुळीत होऊन छिद्रं मिटतात आणि रंग फिका बसतो.

भुशाची पिशवी भरू देऊ नका, काम संपलं की घराबाहेर रिकामी करा. जुन्या पॉलिशचा भुसा आपोआप पेट घेऊ शकतो.

रंगारी:
ओकमध्ये टॅनिन हे नैसर्गिक द्रव्य असतं. पाणी आणि लोखंड मिळालं की ते काळं पडतं, कुंडीखाली बहुधा तेच झालंय. 80 पर्यंत घासून झाल्यावर ऑक्झॅलिक आम्ल लावा: लिटरभर कोमट पाण्यात सुमारे 100 ग्रॅम. वाळल्यावर दोन-तीनदा पाण्याने पुसा आणि हलका पेपर मारा. हातमोजे आणि मास्क हवेतच, त्याची पावडर घशाला झोंबते. थोडी छटा उरली तरी गडद रंगाखाली लपेल. पाळीव प्राण्याच्या मुताचा डाग असेल तर मात्र बहुतेक वेळा पट्टीच बदलावी लागते.

रंगाचा नमुना डब्याच्या झाकणावर नाही, घासलेल्या जमिनीवरच बघा, आणि त्यावर पॉलिशचा एक हात (थर) देऊन मगच ठरवा. रेड ओक मुळात गुलाबीसर असतो. तांबूस झाक असलेला तपकिरी घेतलात तर जमीन लालसर होईल. किंचित हिरवट किंवा काळपट छटेचा घ्या.

रंग खोल हवा तर स्टेनआधी ओल्या फडक्याने सगळी जमीन एकसारखी पुसून पूर्ण वाळू द्या. तंतू उभे राहतात आणि स्टेन जास्त पितात. त्यानंतर बफर फिरवू नका. पाण्याचा थेंब सांडला तर तिथे गडद ठिपका उमटतो, म्हणून करायचं तर अख्खी खोली एकाच पद्धतीने करा.

सगळे डबे एका बादलीत एकत्र करून तळापासून ढवळा. दाराच्या समोरच्या भिंतीपासून सुरू करा, दोन-तीन पट्ट्या शेवटपर्यंत लांबीने रंगवा आणि पाच-दहा मिनिटांत जादा स्टेन पुसा. एकाने लावायचं, दुसऱ्याने पुसायचं. पुसल्याशिवाय राहिलेला थर वाळत नाही.

स्टेनच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा पेटतो. उघड्यावर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.

पट्टी_आणि_खाच:
वॉटरबेसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते पिवळं पडत नाही हे खरं, पण त्याचा फायदा फिक्या रंगांवर दिसतो. गडद तपकिरीवर ऑइलबेसची पिवळट झाक फारशी जाणवत नाही, उलट रंगाला ऊब येते. वास आणि वाळण्याचा वेळ या कारणांसाठी वॉटरबेस जरूर घ्या.

पण ऑइलबेस स्टेनवर ते घाईने लावलं तर सालीसारखं निघतं. पाण्याने उठवलेल्या लाकडात स्टेन जास्त मुरलेला असतो, त्याला 48 ते 72 तास द्या. पांढरं फडकं जोरात घासून बघा, रंग आला तर अजून थांबा.

लिटरला साधारण 10 चौरस मीटर धरा. एका हाताला अडीच लिटर, तीन हातांना साडेसात. पहिल्या हातानंतर पेपर मारणं टाळा, पट्ट्यांच्या कडांवरचा रंग निघतो. दुसऱ्यानंतर 220 हलकेच फिरवा. स्टील वूल वापरू नका, त्याचे कण वॉटरबेसमध्ये गंजून काळे ठिपके पडतात. चकचकीतपेक्षा सॅटिन घ्या, गडद जमिनीवर धूळ आणि ओरखडे कमी दिसतील.

नवी_फरशी:
पॅसेजमध्ये इंजिनिअर्ड पट्ट्या आहेत, वरचा खऱ्या लाकडाचा थर 2 मिमी. तिथेही ड्रम चालेल?

भुसा:
नको. ड्रमची एक खाच पडली तरी खालचं प्लाय दिसेल. तिथे मोठा ऑर्बिटल फ्लोअर सँडर घ्या, तोही एकदाच. कारखान्यातूनच पॉलिश होऊन आलेल्या पट्ट्या असतील तर वर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा कडक थर असतो आणि कडांना उतार असतो. त्या उतारातलं पॉलिश हाताने खरवडावं लागतं, नाहीतर प्रत्येक सांध्यात जुना नारिंगी रंग तसाच राहील.