मदत हवी आहे: रोल-ऑफ ०.२ असताना गार्डनरचं टायमिंग सुटतं

नमस्कार मंडळी, लातूरहून विचारतोय. क्यूपीएसके (कॅरिअरच्या चार फेजमधून डेटा पाठवायची पद्धत) रिसीव्हर, सिम्बॉलमागे ४ सॅम्पल, रोल-ऑफ (पल्स फिल्टरची जादा बँडविड्थ) ०.२. मॅच्ड फिल्टरनंतर क्यूबिक इंटरपोलेटर (दोन सॅम्पलमधली किंमत काढणारा), गार्डनर डिटेक्टर (सिम्बॉलच्या टायमिंगमधली चूक मोजणारा), पीआय लूप (ती चूक भरून काढणारा), डॅम्पिंग ०.७०७. सिम्युलेशनमध्ये झकास. केबलवर (मध्ये अटेन्युएटर आहे) दोन्ही बोर्डांची क्लॉक वेगळी, तिथं थोड्या वेळानं सिम्बॉल घसरतो.

लूप बँडविड्थ सिम्बॉल रेटच्या ०.०१ ठेवली तर जिटर (टायमिंगची थरथर) फार, ०.००२ केली तर लॉकच होत नाही. म्युलर-म्युलर (सिम्बॉलच्या निर्णयांवर चालणारा दुसरा टायमिंग डिटेक्टर) लावून पाहिला, पण कॅरिअर लॉक टायमिंगनंतर होतो, त्यामुळं निर्णयच चुकतात. ट्रान्समीटरचा रोल-ऑफ बदलता येत नाही.

डिटेक्टरचा गेन मी रोल-ऑफ ०.५ च्या एस-कर्व्हवरून (टायमिंगची चूक आणि डिटेक्टरचं आउटपुट यांचा आलेख) घेतला होता. खरी गोम तिथंच असंल का? की इतक्या कमी रोल-ऑफला गार्डनरच्या आधी प्रीफिल्टर लावावाच लागतो?