जुनी पोलो जीटी टीएसआय: वॉरंटी संपलेली घ्यावी का?

पाना_पक्कड

२०२२ मध्ये फोक्सवॅगनची पोलो बंद झाली आणि तेव्हापासून तिच्या जुन्या जीटी टीएसआयचे (टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिकचे) भाव चढेच आहेत. चाकणला बनलेली गाडी, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, कंपनीच्या दाव्यानुसार ९.७ सेकंदांत शंभरी. चालवायला सुंदर आहे, यात वाद नाही. पण २०१३ ते २०१९ मधली १.२ लिटरची गाडी वॉरंटीबाहेर असेल तर घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कारण तिचा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे डीक्यू२०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यात दोन क्लच आहेत. पहिला १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी पुढे हलवण्याचं काम प्रत्येक वेळी पहिल्याच क्लचवर येतं. तो कोरडा आहे, त्याला थंड करायला तेल नाही. हिंजवडी किंवा घोडबंदरसारख्या ठिकाणी तासभर इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत तो सतत अर्धवट घसरत राहतो, तापतो, त्याचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि गाडी थरथरायला लागते.

हे परवडलं असतं, कारण क्लच निदान सूचना देऊन जातो. गिअर आणि क्लच चालवणारं मेकाट्रॉनिक युनिट देत नाही. त्यातल्या अ‍ॅक्युम्युलेटरच्या (तेलाचा दाब साठवणाऱ्या डब्याच्या) बैठकीपाशी अ‍ॅल्युमिनियमच्या घराला, म्हणजे कवचाला, तडा जातो, तेल गळतं, दाब पडतो आणि पी-१७बीएफ हा दोषाचा कोड येतो. डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकतं आणि गाडी भर रस्त्यात एकही गिअर घेत नाही. नवं युनिट, प्रोग्रॅमिंग आणि मजुरी धरून खर्च लाखाच्या बराच वर जातो. जुन्या हॅचबॅकवर एका फटक्यात एवढा खर्च कोणी का अंगावर घ्यावा?

घाटवळण

तुम्ही सांगितलेले दोष खरे आहेत, निष्कर्ष मात्र पटत नाही. डीक्यू२००ची क्षमता २५० न्यूटन-मीटरची आहे आणि या इंजिनाचा टॉर्क १७५. महामार्गावर चाललेल्या गाडीत हा गिअरबॉक्स आरामात असतो. प्रश्न शहरातल्या गाड्यांचा आहे, आणि तशी गाडी ओळखता येते. त्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना तपासणीला जायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यायचं.

सपाट जागेवर डी मध्ये ब्रेक सोडायचा, अ‍ॅक्सिलरेटर लावायचा नाही. गाडी एकसारखी सरकली पाहिजे, हिसके देत नव्हे. मग अर्धा तास गर्दीत फिरवून तेच पुन्हा करायचं, कारण घासलेला क्लच गरम झाल्यावरच बोलतो. दुसऱ्या क्लचसाठी चढावर रिव्हर्स घ्यायचा. स्पीडब्रेकरवर दुसऱ्यावरून पहिल्यात येताना खट् आवाज किंवा धक्का बसला तर नोंद करायची. इंजिन बंद करताना खडखड झाली तर ड्युअल-मास फ्लायव्हीलवर (इंजिनाचे धक्के शोषणाऱ्या चाकावर) संशय घ्यायचा.

एवढं करून गाडी नीट निघाली तर नाही म्हणायचं कारण उरत नाही.

स्कॅनवाला

नुसत्या टेस्ट ड्राइव्हवर विसावू नका. गाडीच्या ओबीडी सॉकेटला व्हीसीडीएस (फोक्सवॅगन गाड्यांचं तपासणी सॉफ्टवेअर) किंवा तत्सम स्कॅनर लावून गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये शिरा. दोन्ही क्लचची अडॅप्टेशन मूल्यं (झिजेनुसार गिअरबॉक्सने स्वतः जुळवलेले आकडे), तापमान आणि अतितापाच्या नोंदी पाहा. मग इंजिन चालू ठेवून पी मध्ये हायड्रॉलिक दाब बघत बसा. तो साधारण ४० ते ६० बारच्या दरम्यान हलतो: पंप चालू होतो, दाब वर जातो, पंप थांबतो, दाब हळूहळू उतरतो. हाताने काहीही न करता पंप सारखा सारखा सुरू होत असेल तर आतून गळती आहे किंवा अ‍ॅक्युम्युलेटरमधला वायू कमी झाला आहे. पी-१७बीएफ येण्याआधी कळायचा हाच मार्ग आहे.

कोड नुकतेच पुसले आहेत का तेही पाहा. सगळी मॉड्यूल्स अगदी स्वच्छ दिसली तर मला जास्त काळजी वाटते. आणि बॅटरी कमजोर असेल तर आधी ती बदलून घ्या, कमी व्होल्टेजमुळे याच मॉड्यूलमध्ये खोटे कोडही पडतात.

पाना_पक्कड

@घाटवळण, तपासणीच्या दिवशी दाब उत्तम असला तरी तडा नंतर जाणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय २०१३ च्या सुरुवातीच्या गाड्यांचा आणखी एक मुद्दा आहे. फोक्सवॅगनने त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल भरायची मोहीम जाहीर केली. उष्ण दमट हवेत त्या तेलामुळे विजेचे दोष येऊ शकत होते. कोकणपट्टीतली हवा दुसरी कोणती आहे? त्या वेळची गाडी असेल तर तेल बदलल्याचा कागद मागा, मिळाला नाही तर विषय संपवा.

घाटवळण

कागद मागावा, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण तडा गेला म्हणजे पूर्ण युनिटच बदलावं लागतं, ही समजूत खर्च फुगवते. मजबूत केलेलं घर आणि नवा अ‍ॅक्युम्युलेटर बसवून दुरुस्ती होते, नव्या युनिटपेक्षा बरीच स्वस्त. अट एकच: नंतर स्कॅनरवरून बेसिक सेटिंग, म्हणजे गिअरबॉक्सची नव्याने जुळणी, झालीच पाहिजे. मेकाट्रॉनिकचं तेल वेगळं असतं, साधारण एक लिटर, आणि गिअरचं वेगळं, १.७ लिटर. ही दोन तेलं एकच समजणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी सोडू नका. क्लच बदलताना शिम (अंतर भरून काढणारी पातळ चकती) मोजून बसवायची असते आणि त्यासाठी खास हत्यारं लागतात. हत्यारं दाखवा म्हटल्यावर जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून उठून यायचं.

टॉर्क_पाहिजे

सगळे गिअरबॉक्सवरच अडकलात. इंजिनही पाहा. थेट इंजेक्शन असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा शिडकावा होत नाही, तिथे काजळी साचते. थंड इंजिन मिसफायर करत असेल तर आधी प्लग आणि कॉइल बदलून पाहा, तरी नाही गेलं तर मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह साफ करावे लागतात. वेग कमी असताना टर्बोपाशी पातळ खुळखुळ येत असेल तर वेस्टगेटचा (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचा) दांडा सैल झालाय. कूलंट गुलाबी असलं पाहिजे. मातकट दिसलं तर कोणीतरी नळाचं पाणी घातलंय आणि वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅटच्या घरातून गळती दडवलेली असू शकते. इंजिनचं तेल ५डब्ल्यू-४०, व्हीडब्ल्यू ५०२ ०० मानकाचं, सुमारे चार लिटर. दहा हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली गाडी कितीही चकाचक असो, घेऊ नका. रिमॅपने टॉर्क वाढून गिअरबॉक्सची २५० ची मर्यादा जवळ येते आणि मूळ सॉफ्टवेअर परत भरलं तर वरवर पाहणाऱ्याला ते कळत नाही.

पाना_पक्कड

म्हणजे स्कॅन, क्लचचं आयुष्य, दाब, व्हॉल्व्ह, कूलंट आणि वर रिमॅपचा संशय. एवढी धाकधूक घेऊन चालवायची त्यापेक्षा २०२० नंतरची १.० टीएसआय का नाही? ११० पीएस, टॉर्क तोच १७५. जीटीमध्ये सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे, तेलात बुडालेला, रांगेत सरकण्याची त्याला भीती नाही. याच इंजिनाची सहा गिअरची मॅन्युअलही मिळते, त्यात मेकाट्रॉनिकच नाही.

घाटवळण

तिचा भाव बघा. दोन्हींतल्या फरकातून क्लचचा पूर्ण संच आणि मेकाट्रॉनिकची दुरुस्ती निघत असेल तर मी १.२ च घेईन. तीन सिलिंडरची थरथर आणि चार सिलिंडरचा गुळगुळीतपणा यातला फरक रोज जाणवतो. फरक तेवढा नसेल तर तुमचं बरोबर.

चालवणाऱ्यासाठी मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. रांगेत पुढच्याला एक गाडीभर अंतर पडू द्या, मग एकदाच हला. थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवा, तेव्हा क्लच सुटा होतो. अर्धवट ब्रेकवर आणि चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलली तर तो सतत घासत राहतो. ज्याचा रोजचा रस्ता असाच सरकत्या रांगेचा आहे, त्याला मीही हीच गाडी घे म्हणणार नाही.

स्कॅनवाला

आणि परराज्यातली स्वस्त दिसली तर हिशेबात फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स धरा. मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० वर सह्या होण्याआधी स्कॅनचा पूर्ण अहवाल किलोमीटरच्या नोंदीसह मालकाच्या हातात ठेवा. गिअरबॉक्सच्या त्रुटी कागदावर दिसल्या की भाव तिथेच बोलता येतो.