भाऊंना बघायला गेलेले नऊजण

उज्ज्वला, बी-302 (रात्री 8:40)
काल सोसायटीतून भाऊंना बघायला नऊजण आले, आभार. पण राग मानू नका, बोलते. आयसीयूची वेळ 5 ते 6, पास एकच. तुम्ही आळीपाळीने वर जाऊन आलात. हे ऑफिसातून सुटून, लेट झालेल्या ठाणे लोकलने 5:50 ला पोचले तर पास वर गेलेला. गार्डने खालीच बसवलं. भाऊंच्या कानाचं मशीन ह्यांच्या खिशात.

सावंत, सेक्रेटरी
उज्ज्वलाताई, आम्ही माणुसकी म्हणून गेलो होतो. त्रास झाला असेल तर यापुढे नाही येणार.

उज्ज्वला, बी-302
असं नाही हो काका.

मोहिते, ए-501
नियम म्हणजे नियम. एक पास, एक माणूस.

पाटील, ए-102
मोहिते, गार्डला "मी सीनियर सिटिझन आहे, मला पास लागत नाही" कोण सांगत होतं?

केतन, सी-404
जेवढे भाऊंना बघायला गेले तेवढे एजीएमला आले असते तर कोरम झाला असता 😂

सावंत, सेक्रेटरी
केतन, आधी तीन महिन्यांचं मेंटेनन्स भरा.

केतन, सी-404
दोन.

सावंत, सेक्रेटरी
उद्या टाकी सफाई. पाणी 10 ते 4 बंद. नंतर कुरकुर नको.

उज्ज्वला, बी-302
काल रात्री डॉक्टर म्हणाले, पेशंट विचारलेलं सांगत नाहीत, भ्रमात आहेत, नळ्या ओढतील, हात बांधावे लागतील. आज सकाळी हातापाया पडून आत गेले, मशीन लावलं, चष्मा दिला. पहिलं वाक्य काय? "बँकेत हयातीचा दाखला दिला का?"

केतन, सी-404
भाऊ रॉक्स 🙏

मोहिते, ए-501
तरी नियम म्हणजे नियम.

डॉ. मानसी, ए-203
काका, नियम का आला तेही बघा. मार्च 2017 मध्ये आधी धुळ्यात, मग सायनला निवासी डॉक्टरांना मारहाण झाली. मुंबईतले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. पेशंटमागे दोनच नातेवाईक ही त्यांची एक मागणी होती. मारहाणीला 3 वर्षांपर्यंत कैद असा राज्याचा कायदा 2010 पासून होताच, पण रात्री दोनला वॉर्डच्या दारात गार्डच लागतो. पासला माझा विरोध नाही. दिवसाला एकच तास, हे मात्र पटत नाही. ब्राझीलमधल्या 36 आयसीयूंमध्ये नातेवाइकांना 12 तासांपर्यंत बसू दिलं, 2019 ला निष्कर्ष छापून आले. भ्रमाचं प्रमाण फारसं बदललं नाही, पण इन्फेक्शनही वाढलं नाही आणि घरच्यांची घालमेल कमी झाली.

पाटील, ए-102
ब्राझीलमध्ये एका पेशंटला नऊजण भेटायला येत नसतील.

सावंत, सेक्रेटरी
पाटील, टोमणा कळला.

स्मिता सिस्टर, बी-104 (सकाळी 9:15)
नाइट करून आले, आत्ता वाचलं. गार्ड आमच्याच सांगण्यावरून अडवतो. गेल्या महिन्यात एका आजींना ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं होतं, भेटायला आलेल्या मावशींनी प्रेमाने शिरा भरवला. ऑपरेशन पुढे गेलं, ओरडा आम्हाला. शिवाय सहाजण येऊन सहा वेळा विचारणार, "सिस्टर, कसं आहे?" तोवर तिकडे सलाईन संपतं. पण घरचं एक माणूस, रोज तेच, मला हवंच असतं. भाऊंना ऐकू कमी येतं हे फाइलमध्ये कोणी लिहिलंय? उज्ज्वला, मशीनच्या डबीवर नाव आणि बेड नंबर लिही, ड्युटीवरच्या सिस्टरच्या हातात दे. उशाखाली ठेवू नकोस, चादरीबरोबर धुलाईला जातं.

उज्ज्वला, बी-302
आत्ताच लिहिते. बाकीच्यांनी भाऊंना व्हॉइस मेसेज पाठवा, मी ऐकवते. आणि गार्डकडे चार शहाळी पडलीत, कोणाची? पोटॅशियम वाढलंय, डॉक्टरांनी बंद केलीत.

सावंत, सेक्रेटरी
गार्डलाच देऊन टाका. बिचारा.

मोहिते, ए-501
त्यातली दोन माझी आहेत.