‘अवक्षेपित राजीनामा’ : प्रेसिपिटेट म्हणजे नेमकी कसली घाई?

गोदाकाठ (नांदेड)

माझा चुलतभाऊ एका खाजगी कॉलेजात सात वर्षं केमिस्ट्री शिकवत होता. मागच्या महिन्यात त्यानं राजीनामा दिला. करारात तीन महिन्यांची नोटीस होती, यानं एकच महिन्याची दिली, आणि राहिलेल्या दोन महिन्यांचे पैसे कापून घ्या असं लिहूनही दिलं. कॉलेजचं उत्तर आलं इंग्रजीत. त्यात ‘युवर प्रेसिपिटेट रेझिग्नेशन’मुळं विद्यार्थ्यांचं नुकसान झालं, वगैरे. भावानं ते मोबाइलवर मराठीत करून बघितलं तर ‘आपला अवक्षेपित राजीनामा’. अवक्षेप म्हणजे केमिस्ट्रीत द्रवाच्या तळाला बसतो तो गाळ. रात्री साडेदहाला फोन करून म्हणतो, दादा, मी परीक्षानळीच्या तळाला बसलोय का?

हसून झाल्यावर मी शब्दकोश काढला. विशेषण म्हणून अर्थ दिलाय घाईचा, अविचारी. माझं म्हणणं असं की ही साधी घाई नाही. एसटी सुटायली म्हणून दोन घास कोंबून उठलो तर त्या जेवणाला इंग्रजीत ‘हरीड’ म्हणतील, त्यात माझ्या अकलेवर कुणी बोट ठेवत नाही. ‘प्रेसिपिटेट’ थेट अकलेवर येतो. विचार न करता उडी मारली, असा आरोप आहे तो. आणि भाऊ तर दोन वर्षं या राजीनाम्याचा विचार करत होता, घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. म्हणून शब्द चूक आहे आणि उत्तरात तसं ठणकावून लिहावं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

टंकलेखक (बीड)

तीस वर्षं कोर्टाच्या आवारात टायपिंग केलं, असले शब्द रोज हाताखालून गेले. तुम्ही उगीच कीस पाडायलात. याला मराठीत तयार शब्द आहे : तडकाफडकी. तडकाफडकी बदली, तडकाफडकी निलंबन, तडकाफडकी राजीनामा. पेपरवाले रोज छापतात, कुणी शब्दकोश उघडत नाही.

गोदाकाठ

काका, ‘तडकाफडकी’त अविचार कुठं आहे? साहेबानं पूर्ण चौकशी करून सकाळी एखाद्याला घरी पाठवलं तरी आपण तडकाफडकीच म्हणतो. त्यात फक्त अचानकपणा आहे.

टंकलेखक

मग कॉलेजला अचानकच झालं ना ते! तुमच्या घरात दोन वर्षं चर्चा चालली, ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये ऐकू जात होती का?

साका (परभणी)

केमिस्ट्रीचं नाव निघालं म्हणून लिहितो, आणि गोदाकाठ यांच्या विरोधात लिहितो.

मोबाइलनं केलेलं भाषांतर हास्यास्पद आहे, पण वाटतं तितकं परकं नाही. हा शब्द लॅटिनमधून आला. ‘प्रे’ म्हणजे पुढे, ‘कापुट’ म्हणजे डोकं. डोकं पुढं, पाय वर, अशा अवस्थेत जो खाली येतो तो. म्हणजे मुळात घाई नाहीच, पडणं आहे. उंच कड्याला इंग्रजीत ‘प्रेसिपिस’ म्हणतात तो याच घरातला. पावसाला हवामानवाले ‘प्रेसिपिटेशन’ म्हणतात तेही इथूनच, कारण तो वरून खाली येतो. आणि मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकले की दह्यासारखं पांढरं काहीतरी तयार होऊन तळाला जातं, त्याला पोरं अवक्षेप म्हणून पाठ करतात. माझ्या आजीच्या भाषेत साका. निवळीच्या खाली बसतो तो.

घाईचा अर्थ त्यावर नंतर चढला. कड्यावरून सुटलेल्या माणसाला मधेच थांबता येत नाही, म्हणून. तेव्हा या शब्दात ‘विचार केला का’ हा प्रश्न दुय्यम आहे. ‘मागं फिरायची सोय ठेवली का’ हा खरा. तुमच्या भावानं ठेवली नाही, पैसेसुद्धा कापून घ्या म्हणाला. शब्द बरोबर बसतो.

मराठीत हवाच असेल तर आपल्याकडं ‘तोंडघशी’ आहे. डोक्याऐवजी तोंड, एवढाच फरक.

गोदाकाठ

तोंडघशी पडणं म्हणजे फजिती होणं. भावाची काही फजिती झालेली नाही, दुसरीकडं लागलाय तो. बाकी मुळाचं पटलं, पण शब्द जन्मला तिथंच राहतो का? ‘आततायी’ बघा. संस्कृतात आततायी म्हणजे धनुष्य ताणून अंगावर आलेला. आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन धावणारा, धन, शेत किंवा बायको पळवणारा, असे सहा मोजलेत. आज आपण गाडी जोरात हाणणाऱ्या पोराला आततायी म्हणतो. त्याच्यावर विषप्रयोगाचा गुन्हा लावायचा का?

तिफण (अंबाजोगाई)

तुमचं शास्त्र वाचलं. मला इंग्रजी येत नाही, पण घाई काय असते ते आमच्याइतकं कुणाला माहीत नसावं.

मृगाचा एक पाऊस पडला की गावात अर्धी तिफण बाहेर निघते. ७५ ते १०० मिलिमीटर पडल्याशिवाय पेरू नका, असं परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं. सगळ्यांना पाठ आहे. तरी शेजारच्यानं एका वर्षी नऊ जूनलाच चाडं धरलं. वर ओल होती, वीतभर खाली कोरडं. मी म्हणलं, वापसा येऊ दे, माती मुठीत धरून बघ, लाडू होतोय का भुगा होतोय. तो म्हणला, बांधावरचे सगळे पेरायलेत, मी काहून थांबू? सोयाबीन उगवलं छान, दोन दोन पानांवर आलं, आणि नंतर अठरा दिवस आभाळ कोरडं. एकराला तीस किलोची बॅग, चार एकरच्या चार बॅगा मातीत. दुबार पेरणी उधारीवर.

आता दुसरी बाजू सांगतो. पुढच्या वर्षी त्याच माणसानं शहाणपणानं वाट बघितली. पाऊस गेला तो गेलाच. जुलै अर्धा सरल्यावर सोयाबीनला काय अर्थ राहतो? ज्यांनी नऊ जूनला पेरलं होतं त्यांचं पीक त्या वर्षी कमरेला लागलं. त्यांना कुणी घायकुते म्हणलं नाही, नशीबवान म्हणले.

म्हणून माझं मत असं, की असले शब्द निकाल लागल्यावर चिकटवायचे असतात. पाऊस आला तर हुशार, नाही आला तर उतावळा. पेरताना माणूस तोच, तिफण तीच.

उदगीरची बाई

तिफणभाऊ, तुमचं वाचून हात थांबला खरा, पण पटलं नाही. निकाल लागायच्या आधीसुद्धा हा शब्द वापरला जातो, आणि फार मोठ्या माणसांनी वापरलाय. ३ नोव्हेंबर १९६९ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी टीव्हीवर भाषण केलं. व्हिएतनाममधून सैन्य ताबडतोब काढा म्हणून तिकडं मोर्चे निघत होते. निक्सन म्हणाले, ‘प्रेसिपिटेट विथड्रॉवल’ झालं तर अनर्थ होईल. सैन्य तेव्हा तिथंच होतं, काहीच घडलं नव्हतं. सैन्य मुळीच काढू नका असंही ते म्हणत नव्हते, टप्प्याटप्प्यानं काढणं सुरूच होतं. त्यांचा आक्षेप होता आधी काढण्याला, तिथली बाजू सावरायच्या आधी. पिकायच्या आधी तोडलं, असा त्याचा अर्थ. म्हणून साका सरांचं मागं फिरण्याचं मला पटत नाही. महत्त्वाचं आहे ते अवेळीपण. आमच्याकडं म्हणतात ना, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. तो पळत नसतो हो, बसलेलाच असतो. फक्त मुहूर्ताच्या आधी बांधून बसतो, तेही भलतीकडं.

वर्गातली एक गोष्टही सांगते, पोरं इथंच अडकतात. स्पेलिंग एकच, पण विशेषण असताना शेवट ‘टट’ असा आखूड, क्रियापद असताना ‘टेट’ असा लांब. ‘सेपरेट’चं तसंच. आणि याच्या बरोबर उलटा शब्द ‘डिलिबरेट’, पूर्ण विचारांती केलेला, त्याचंही तसंच. दोघं वैरी, पण उच्चाराची खोड एक.

दुसरी चूक याहून जास्त होते. ‘प्रेसिपिटस’ हा वेगळा शब्द आहे. तो कड्यासाठी, सरळसोट उतारासाठी, भाव धाडकन कोसळले तर त्यासाठी. अनेक इंग्रजसुद्धा तो घाईच्या अर्थानं लिहितात, शब्दकोशांनी तो अर्थ नोंदवलाही आहे, पण काटेकोर लिहिणारे दोन्ही वेगळे ठेवतात.

वेरूळ फाटा

बाई, हे दोन्ही शब्द एकाच ठिकाणी बघायचे तर आमच्याकडं या. देवगिरीचा किल्ला. डोंगराचा खालचा भाग चारी बाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलाय, घोरपडसुद्धा चढणार नाही. हा तुमचा प्रेसिपिटस. आणि १३२७मध्ये महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी उचलून याच किल्ल्याशी आणली, दौलताबाद नाव ठेवलं, आणि काही वर्षांत परत गेला. हा प्रेसिपिटेट. मराठीत तर शब्द तयारच आहे : तुघलकी. कॉलेजला म्हणावं, तुघलकी राजीनामा लिहा.

साका

तुघलकी म्हणजे लहरी, घाईचा नव्हे. आणि तुघलकाचा निर्णय घाईचा होता असंही सरसकट म्हणता येत नाही. दक्षिणेवर पकड हवी होती, दिल्ली उत्तरेकडच्या स्वाऱ्यांच्या तोंडावर होती, वाटेवर मुक्कामाच्या सोयी केल्या होत्या. सगळी दिल्ली ओस पाडली ही कहाणी आपण इब्न बतूता या प्रवाशाकडून ऐकतो, तो दिल्लीत पोचला १३३४ला. त्याच्यासाठी ती ऐकीवच. मुख्यतः दरबारी आणि विद्वान मंडळी हलली, असं बरेच इतिहासकार मानतात.

वेरूळ फाटा

म्हणजे सर, विचार करूनही माणूस कड्यावरून पडू शकतो. तुमच्याच व्याख्येनं मी बरोबर आहे.

टंकलेखक

‘घिसाडघाई’ अजून कुणी काढला नाही याचं नवल वाटलं. माझं मत त्याला.

तिफण

त्या शब्दाला माझा विरोध आहे. आमच्या वेशीवर घिसाडी उतरायचे, खुरप्याला, विळ्याला धार लावून घ्यायला आम्ही पोरं जायचो. बाई भाता चालवायची, गडी लोखंड लाल झालं की धडाधडा घण घालायचा. लोखंड निवायच्या आत घाव बसला नाही तर पुन्हा कोळसा जाळा. ती घाई नव्हती, तो कामाचा वेग होता. लांब उभं राहून बघणाऱ्यानं शब्द पाडला असंल.

उदगीरची बाई

हे मात्र शंभर टक्के मान्य. उशिरा मारलेला घाव वाया जातो, तसा लोखंड तापायच्या आधी मारलेलाही. पहिल्याला इंग्रजीत बरेच शब्द आहेत. दुसऱ्याला हा आपला प्रेसिपिटेट.

गोदाकाठ

भावाला सगळा धागा वाचून दाखवला. तिफणभाऊंचं त्याला सगळ्यात जास्त पटलं, टंकलेखक काकांचं सगळ्यात कमी, आणि शेवटी कामाला आलं काकांचंच. आम्ही मराठीत उत्तर लिहिलं : ‘माझा राजीनामा आपणास तडकाफडकी वाटला असल्यास दिलगीर आहे, तथापि तो अविचाराने दिलेला नाही. नोटिशीच्या उर्वरित काळाची रक्कम करारानुसार वळती करून घ्यावी.’ चूक शब्दावर ठणकावायचं मी सोडून दिलं. बाईंचं ऐकल्यावर मलाच खात्री राहिली नव्हती. सत्राच्या मध्यात सोडून गेला, हे तर खरंच आहे.

काल कॉलेजचं दुसरं पत्र आलं, परत इंग्रजीत. पैसे वळते केले, अनुभवाचा दाखला सोबत जोडलाय. फक्त या खेपेला ‘युवर प्रेसिपिटस रेझिग्नेशन’ असं लिहिलंय. भावानं लगेच मोबाइलवर टाकून बघितलं. आता राजीनामा खडा चढाचा झालाय.