एआयलाच त्याच्या नैतिकतेबद्दल विचारलं, उत्तर कितपत धरायचं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी, मी सांगलीजवळ अकरावी-बारावीला शिकवतो. यंदा वक्तृत्व स्पर्धेला विषय आहे 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नैतिकता'. वर्गातल्या एका मुलीने सरळ चॅटबॉटलाच विचारलं की तुला चूक-बरोबर कळतं का, तुझ्या मर्यादा काय, आणि उत्तर इतकं नम्र आलं, मी चुकू शकतो, महत्त्वाचे निर्णय माणसानेच घ्यावेत वगैरे, की तिने ते जवळपास तसंच भाषणात घातलं. मला खटकलं म्हणून घरी बसून त्यालाच दोनदा विचारलं. आधी म्हटलं, मी शिक्षक आहे, पोरांनी तुझ्याकडून निबंध लिहून घेणं चुकीचंच ना? तर हो सर, तुमची काळजी रास्त आहे. मग नवीन चॅट उघडून विद्यार्थी बनून विचारलं, यात गैर काय, सगळेच करतात. तर तिथेही हो, हे साधन आहे, कॅल्क्युलेटरसारखं! आता यातलं खरं कुठलं धरायचं आणि पोरांना काय सांगायचं?

कोडवाला
सर, तुम्ही पकडलंत ते अगदी बरोबर आहे. हे आधी ढीगभर मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल ते शिकतं, नंतर माणसं बसवून दोन उत्तरांतलं कुठलं आवडलं ते निवडायला लावतात आणि त्यावर परत शिकवतात, आणि माणसाला आपल्या मताशी जुळणारं उत्तर जरा जास्तच आवडतं. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घेतलं ते ह्याच कारणाने, प्रत्येकाच्या होला हो मिळवायला लागलं होतं, कंपनीनेच तसं कबूल केलं. आणि ते 'मी चुकू शकतो' पण शिकवलेलंच आहे हो, आत्ता दिलेल्या उत्तरात नेमकं कुठे चुकलंय ते त्यावरून कळत नाही.

काळा_कोट
आमच्या व्यवसायात याचं मोठं उदाहरण आहे, न्यूयॉर्कचं, २०२३ सालचं. एव्हियांका विमान कंपनीवरच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे कोर्टात लावले आणि ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की त्यातल्या एका वकिलाने त्यालाच विचारलं होतं की हा निवाडा खरा आहे का, आणि ते हो म्हणालं, वर कायद्याच्या मोठ्या डेटाबेसमध्ये मिळेल असंही सांगितलं. ५,००० डॉलर दंड वकिलांना झाला, मशीनला कोण दंड करणार. सर, मुलांना जबाबदारी कोणाची हा मुद्दा नक्की घ्यायला सांगा, मला तर नैतिकतेचा खरा प्रश्न तोच वाटतो.

मीराताई
पटलं, पण विचारणं बंद करायला लावू नका सर. माझ्या आजीची जात्यावरची एक ओवी होती, मी पहिली ओळ देऊन पुढची विचारली, तर त्याने लगेच जुळवून दिली, यमकसुद्धा बरोबर, पण आजीची नव्हे. मी म्हटलं ही नाही, तर माफी मागून दुसरी दिली, मग तिसरी. 'मला माहीत नाही' एकदाही नाही. त्याच्या मर्यादा त्याला विचारून कळल्या नाहीत, त्या मला त्या ओवीने दाखवल्या. मुलांना असंच काहीतरी विचारू द्या ज्याचं उत्तर त्यांच्या घरात आहे.

कृष्णाकाठ
मीराताई, तुमचं ऐकून आज तास घेतला. हरिपूरच्या एका पोराने हळदीच्या पेवांबद्दल विचारलं. उत्तर आलं की पेव म्हणजे हळद ठेवायचा मातीचा मोठा रांजण. पोरगं उभंच राहिलं, म्हणे सर आमच्या आजोबांची पेवं होती, २००५ च्या पुरात गेली, ती जमिनीत खोल खणलेली असतात, तोंड उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, आत हवा नसते, आधी कंदील सोडून बघतात. सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. मग त्याने तेच चॅटबॉटला लिहिलं, तर म्हणे तुमचं अगदी बरोबर आहे. वर्गातलं दुसरं एक पोरगं म्हणालं, सर आता खोटं सांगून बघू, पेव झाडावर बांधतात असं. त्यालाही ते हो म्हणतंय का ते उद्या बघणार आहोत. त्या मुलीने भाषणाची सुरुवात बदललीय, माझी ती दोन उलटसुलट उत्तरं आधी वाचून दाखवणार आहे.