स्क्रॅच अ‍ॅसे (पेशींच्या थरात रेघ ओढून ती किती भरते ते पाहायची चाचणी): कडा सोलून निघतात, कंट्रोलही २४ तासांत भरतं

पेट्रीडिश:
एल९२९ पेशी (उंदराच्या फायब्रोब्लास्ट), २४ वेलची (खळग्यांची) प्लेट, मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) १० टक्के एफबीएस, म्हणजे गायीच्या गर्भाचं सीरम. थर पूर्ण भरल्यावर २०० मायक्रोलिटरच्या टिपने रेघ ओढते, पीबीएसने (क्षारांच्या बफरने) दोनदा धुते. रेघेची रुंदी प्रत्येक वेलमध्ये वेगळी, कडेचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, आणि २४ तासांत कंट्रोलही (करक्युमिन न घातलेली वेल) भरून जातं. मग करक्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या घटकाचा) फरक दिसणार कुठे?

लॅमिनार:
कंट्रोल भरतं ते सीरममुळे. १० टक्क्यांत पेशी सरकतायत की नुसत्या वाढतायत, कळतच नाही. रेघेनंतर सीरम १ टक्क्यावर आणा. तरी शंका राहिली तर रेघेआधी मायटोमायसिन-सी (पेशींचं विभाजन थांबवतं), मिलिलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम, २ तास, मग नीट धुणं. विषारी आहे, कचरा वेगळा ठेवा.

पापुद्रा सुटतो कारण भरलेला थर तसाच एक-दोन दिवस राहतो आणि त्याची चादर बनते. भरला की त्याच दिवशी रेघ ओढा. पीबीएसमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम नसेल तर पकड आणखी सैल होते. सरळ मीडियमनेच धुवा, वेलच्या भिंतीवरून सोडा. रेघेवर धार नको.

टिप काटकोनात, एका दमात, निर्जंतुक पट्टीच्या कडेने. जोर जास्त झाला तर प्लास्टिकवर चरा पडतो, त्या चऱ्यावर पेशी अडखळतात.

फोकस_४एक्स:
रुंदी नाही, क्षेत्रफळ मोजा, ० तासाच्या टक्केवारीत. प्लेटखाली मार्करने रेघेला आडवी खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी तीच जागा सापडत नाही. फोटो ०, ६, १२, २४ तासांना. २४चा एकटा आकडा फसवतो.

हळदगाठ:
सीरम शून्यावर मात्र नेऊ नका. सीरम नसलेल्या बफरमध्ये, पीएच ७.२ आणि ३७ अंशांना, करक्युमिन अर्ध्या तासात जवळपास ९० टक्के विघटित होतं. उजेडातही टिकत नाही, फॉइल लावा. डीएमएसओ (करक्युमिन विरघळवायचा द्रव) सगळ्या वेलमध्ये सारखंच, ०.१ टक्का, कंट्रोलमध्येसुद्धा. मात्रा आधी एमटीटीने (पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून मोजणाऱ्या चाचणीने) ठरवा. करक्युमिनचा रंग पिवळा, म्हणून पेशी नसलेले ब्लँकही लावा.

आणि निष्कर्षात ‘जखम भरते’ लिहू नका, दिसलंय ते फक्त पेशींचं सरकणं. हळद जखमेला लावतात यात नवं काही नाही, त्यावरचं अमेरिकन पेटंट सीएसआयआरच्या (भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या) आक्षेपावरून १९९७मध्येच रद्द झालं.

पेट्रीडिश:
तीन वेल म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) तीन धरू?

लॅमिनार:
नाही. एका प्लेटचे तीन वेल म्हणजे एन एकच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजवर (पेशी नव्या भांड्यात वाढवायच्या फेरीवर) तीनदा करा.